दुसऱ्या घरातलं बाळ

डेस्बा एत्सिटीने मागाखालची माती स्वतःच्या हाताने उकरून ठेवली होती. वीतभर खड्डा, वर एक चपटा दगड. मुलगी झाली की तिची नाळ मागाजवळ पुरायची, म्हणजे पोरीचा जीव घरात रमतो आणि बोटांत विणकाम उतरतं. मुलगा असला तर मेंढ्यांच्या वाड्याशी. डेस्बाची स्वतःची नाळ त्याच पठारावर तिच्या आईच्या मागाखाली होती, म्हणून तर लहानपणी सरकारी वसतिगृहातून दोनदा पळून ती बरोबर घरीच आली. थोरल्या लेकीची, लव्हर्नची नाळ मात्र दवाखान्यात कुणीतरी कचऱ्यात टाकली. डेस्बा त्यावर अजून बोलून दाखवी, "नाळ कचऱ्यात गेली आणि पोरगी गावभर झाली."

यावेळी तसं व्हायला नको होतं. लव्हर्नला मुलगी झाली त्या आठवड्यापासून डेस्बा रोज सकाळी उगवत्याकडे तोंड करून मक्याच्या परागाची चिमूट वाऱ्यावर सोडी, प्रार्थना म्हणे आणि मग बाळाचं दुपटं हळूच बाजूला करून बघे. नाळ जागच्या जागी. दुसऱ्या आठवड्यात ती वाळून मनुकेसारखी काळी झाली. तिसऱ्यात तशीच. चौथा लागला तरी तशीच.

भेटायला येणारे हसत. डेस्बाची धाकटी बहीण ग्लॅडिस तर पिकअपमधून उतरतानाच विचारी, "काय गं, सोडलं का हिने आईला? आत्ताच हे, उद्या नवरा न्यायला आला तर त्यालाच घरजावई करून घेईल ही." बायका हसत, लव्हर्नही ओठ हलवी. डेस्बा तेवढ्यात उठून शेगडीवरचं मटणाचं पातेलं ढवळायला जाई.

तिला हसू येत नसे, कारण असं वाट पाहणं तिने एकदा केलं होतं. तीन वर्षांपूर्वी. लव्हर्नला पहिला मुलगा झाला होता. त्याचीही नाळ अशीच रेंगाळली, शेवटी पडली, डेस्बाने ती मेंढ्यांच्या वाड्याशी पुरली, आणि पुढच्या थंडीत ते बाळ गेलं. त्याबद्दल घरात पुन्हा शब्द निघाला नाही. गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं. घेतलं की तो वळून बघतो. आणि वाईट बोलायचं नसतं, कारण बोललेला शब्द रिकामा राहत नाही, ज्याचं नाव घेतलं ते चालत दारात येतं. डेस्बाच्या आईने तिला हे शिकवलं, तिने लव्हर्नला. तेव्हा आता नाळेकडे बघून दोघी मायलेकींची नजरानजर होई, आणि दोघी लगेच दुसरीकडे बघत.

सहावा आठवडा सरता सरता नाळ पडली. डेस्बाने ती पुरली, दगड ठेवला, हात जोडावेत तसे दोन्ही तळवे मातीवर टेकले. दुसऱ्याच दिवशी बेंबीभोवतीची कातडी लाल झाली आणि बाळाचं अंग तापलं.

दवाखाना दोन तासांवर. लव्हर्नचा नवरा डॅरिल रेल्वेच्या रुळांच्या कामावरून नुकताच घरी आला होता, पिकअप गाडी त्यानेच चालवली. डेस्बा पुढे बसली नाही. ती मागच्या उघड्या हौद्यात, घोंगडी डोक्यावरून घेऊन, पाठ टेकून बसली. जावई आणि सासू यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नसतं, डोळे जातात म्हणतात. पाच वर्षांत डॅरिलने सासूची पाठच काय ती पाहिली होती. ग्लॅडिस म्हणायची, "बाजारात दहा म्हाताऱ्या पाठमोऱ्या उभ्या करा, डॅरिल आपली सासू नेमकी ओळखेल."

दवाखान्यात बाळाचं रक्त काढलं. संध्याकाळच्या आत डॉक्टर ब्रेनर आले, दाढी नीट न केलेले, थकलेले, पण खुर्ची ओढून बसून बोलणारे. दुभाष्याचं काम करणारी नेहमीची बाई रजेवर होती, म्हणून खिडकीवरच्या एका नवख्या कारकुनाला धरून आणलं होतं. तो शब्दाला शब्द ठेवून सांगत गेला.

डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार वाढल्यात. इतक्या लहान बाळाला पंधरा-वीस हजार असल्या तरी आम्ही घाबरत नाही. हिला सत्तर हजारांच्या वर आहेत. याची कारणं पुष्कळ असतात. जन्मानंतर पहिले काही दिवस त्या मुळातच जास्त असतात, पण ते दिवस आता गेले. जंतू शिरले की वाढतात. डांग्या खोकला असला की फार वाढतात. काही औषधांनी वाढतात. आणि, हे मी घाबरवायला सांगत नाही, पण तुम्हाला माहीत असावं, रक्ताचा कर्करोग असला तरी...

डेस्बा उठली. कारकून अजून बोलतच होता. ती खोलीच्या बाहेर गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वाड्याचं दार उघडून एकेका मेंढीला नावाने हाक मारावी तसा तो माणूस एकेका आजाराला नाव घेऊन हाक मारत होता, आणि तेही तापलेल्या बाळाच्या उशाशी. आता यातलं कोणतं आत येणार?

नंतर तिला परत आत बोलावून डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या. नाळ वेळेवर पडली ना? डेस्बा म्हणाली, पडायची तेव्हा पडली. घरात आधी कुठलं मूल गेलं आहे का? लव्हर्नने मान खाली घातली. डेस्बा म्हणाली, नाही. तिला हे खोटं वाटलं नाही. आजारी लेकराच्या अंथरुणाशी मेलेल्याला बोलवायला कोण आजी तयार होईल?

डॉक्टरांनी शिरेतून औषध चालू केलं. दोन दिवस गेले. ताप उतरेना. बेंबीभोवतीचा लाल पट्टा जांभळा झाला, त्याची कड काळी पडत चालली. पेशी आणखी वाढल्या. बाळ आता रडतही नव्हतं, नुसता बारीक आवाज काढी, उन्हात राहिलेल्या कोकरासारखा. लव्हर्नच्या छातीला लागायचं आणि दोन घोटांत सोडून द्यायचं. लव्हर्न तशीच उघड्या छातीने बसून राही, दुपटं सावरायचंही तिच्या लक्षात नसे.

देवांना म्हणायला डेस्बाजवळ काय उरलं होतं? सकाळी दवाखान्याच्या मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांच्या पलीकडे उभी राहून ती पराग सोडी. प्रार्थनेत जे आहे तेच म्हणे: पुढे सुंदर असो, मागे सुंदर असो, वर आणि खाली सुंदर असो. प्रार्थनेत कुठेही मागणं नसतं, जे हवं ते झालंच आहे असं म्हणायचं असतं, आणि यावेळी तिला ते म्हणवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी दुभाषी थेल्मा क्ली रजेवरून आली. पन्नाशीची, जाडजूड, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आल्या आल्या तिने कामाचं काही काढलं नाही. डेस्बाच्या शेजारी बसली, हात हातात घेतला, आपलं कूळ सांगितलं, बापाचं कूळ सांगितलं. डेस्बानेही सांगितलं. दोघींच्या आईचं कूळ एकच निघालं.

"म्हणजे तू माझी ताई झालीस," थेल्मा म्हणाली. "आणि मला इथे तुझ्याआधी कुणी सांगितलं नाही की आत माझी नात निजली आहे."

मग तिने त्या कारकुनाने काय काय घोळ घातला तो ऐकून घेतला, कपाळाला हात लावला, आणि डॉक्टरांकडे गेली. बराच वेळ दोघं बोलत होते. डॉक्टर आधी नकारार्थी मान हलवत होते, मग त्यांनी हातातलं पेन खिशात ठेवलं.

परत आले तेव्हा थेल्माने खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. आत डेस्बा, लव्हर्न, बाळ, डॉक्टर. पडद्याबाहेर डॅरिल, पाठ करून. खालून त्याचे चिखलाचे बूट दिसत होते.

डॉक्टर हळूहळू बोलू लागले आणि थेल्मा सांगू लागली. यावेळी ती बाळाकडे बघतही नव्हती. ओठ पुढे काढून तिने खिडकीबाहेर, पठाराच्याही पलीकडे खूण केली.

"तिकडे लांब एक घर असेल," ती म्हणाली. "आपल्यापैकी कुणाचं नाही. त्या घरात एक बाळ असेल. त्याच्या अंगात पांढऱ्या पेशी पुष्कळ, पण जखम भरत नाही. असं बाळ डॉक्टरने एका पुस्तकात वाचलं आहे, स्वतः पाहिलं नाही. तो म्हणतो, त्या दुसऱ्या घरात नाळ फार उशिरा पडली असेल का? आणि त्या घरात त्याच्या आधी अजून एखादं बाळ होऊन गेलं असेल का? ताई, तू पुष्कळ घरं पाहिली आहेस. असं घर तुला ठाऊक आहे का?"

लव्हर्नने डोळे मिटले. डेस्बा खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर पार्किंगमध्ये एक कुत्रं एका गाडीच्या सावलीतून दुसऱ्या गाडीच्या सावलीत जात होतं. थेल्माने घाई केली नाही. डॉक्टरांनीही नाही, हे डेस्बाने पाहिलं.

तिला कळत होतं. खिडकीबाहेरचं घर कुठलं ते थेल्मालाही ठाऊक होतं, तिलाही, लव्हर्नलाही. शब्दाला आडपडदा घातला म्हणून शब्दाला दिसत नाही थोडंच? बोलले तर जो गेला तो वळून बघेल, आणि वळला की त्याला इथे बहीण दिसेल, त्याच्याच रक्ताची, एकट्याला करमत नाही म्हणून ओढून नेण्याजोगी. नाही बोलले तर ती काळी कड आज रात्री आणखी बोटभर सरकेल. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर, आणि मधल्या पायवाटेवर सहा आठवड्यांचं लेकरू.

"असं एक घर होतं," डेस्बा म्हणाली.

आवाज इतका खाली होता की थेल्माने कान पुढे केला.

"त्या घरात एक म्हातारी होती. मूर्ख. ती नाळेची वाट बघत बसली. महिना उलटून गेला तरी बघत बसली आणि कुणाला बोलली नाही. मुलगा होता तो. गोरा, आणि केस दाट. नाळ पडली आणि बेंबी लाल झाली. मग बरी झाल्यासारखी झाली. मग मांडीला एक फोड आला."

पुढचं तिच्याने निघेना. थेल्मा डॉक्टरांना सांगत होती, आणि डॉक्टर विचारत होते: तो फोड पिकला होता का? पू झाला होता का?

डेस्बाला ते आठवेना. खरंच आठवेना. त्या दिवसांत ती मेंढ्या घेऊन वरच्या रानात होती, बाळाचं सगळं दुसऱ्यांनी केलं होतं. तिने लव्हर्नकडे पाहिलं. लव्हर्न मुठी आवळून पुढेमागे डुलत होती, तिच्या घशातून आवाज येत होता पण शब्द येत नव्हता.

तेव्हा पडदा सरकला.

डॅरिल आत आला. टोपी हातात, तोंड ओलं. तो सासूच्या समोर येऊन उभा राहिला आणि दोघांची नजर एकमेकांवर पडली. पाच वर्षं जिला पाठमोरी पाहिली तिचा चेहरा त्याने पाहिला, आणि तिने त्याचा. लव्हर्नच्या तोंडून "अरे" एवढंच निघालं.

"पू नव्हता," डॅरिल म्हणाला. "मी धूत होतो रोज. कोरडा होता. आत खोल खड्डा, कडा काळ्या, पण पू नाही, एक थेंब नाही. मला वाटलं, पू नाही म्हणजे बरं होतंय. मी सगळ्यांना तेच सांगितलं. बरं होतंय म्हणालो." मग तो म्हणाला, "आणि ते दुसरं घर नाही. ते माझं घर."

डॉक्टरांना थेल्माने शेवटचं वाक्य सांगितलं की नाही, देव जाणे. ते पुढे झुकले होते, आणि पेन पुन्हा खिशाबाहेर आलं होतं.

त्यांनी जे सांगितलं ते थेल्माने मेंढवाड्याच्या भाषेत सांगितलं. पांढऱ्या पेशी म्हणजे कळपाची राखणदार कुत्री. बाहेर मेंढ्यांवर टपलेलं जे जनावर फिरतं, ज्याचं नाव घ्यायचं नाही, ते कळपाशी आलं की कुत्री कुंपण ओलांडून त्याच्यावर जातात. पू होतो तो त्या झटापटीचा. काही बाळं अशी जन्मतात की त्यांच्या कुत्र्यांच्या पायांना पकडच नसते. कुंपणावर चढता येत नाही. अंग आणखी कुत्री पाठवतं, आणखी पाठवतं, रक्तात त्यांची दाटी होते, मोजली की सत्तर-ऐंशी हजार भरतात, आणि जखमेत एकही पोचत नाही. वाळलेली नाळ तोडून टाकायलाही तीच कुत्री लागतात. म्हणून ती रेंगाळते. हे आईबाप दोघांच्या रक्तातून येतं, दोघंही धडधाकट असले तरी. कुणाच्या वागण्याने नाही. कुणाच्या बोलण्याने नाही.

शेवटचं वाक्य डॉक्टरांचं होतं की थेल्माने पदरचं घातलं, ते डेस्बाला कळलं नाही. तिला ते पटलंही नाही.

रक्ताची नळी मोठ्या शहरात गेली. उत्तर येईपर्यंत डेस्बाने बाळाला हात लावला नाही. मेलेल्याबद्दल बोललेल्या माणसाने शुद्ध झाल्याशिवाय आजाऱ्याला शिवायचं नसतं, आणि शुद्धीचा विधी करणारा माणूस पठारापलीकडे, चार दिवसांचं काम. ती खोलीच्या दाराशी जमिनीवर बसून राही. परिचारिका तिला खुर्ची देत, बाळाजवळ बोलावत. ती मान हलवी. त्यातली एक दुसरीला म्हणाली की ही आजी फार कोरडी दिसते. डेस्बाला तेवढं इंग्रजी येत होतं.

उत्तर आलं ते डॉक्टरांना वाटलं होतं तेच. ते थेल्माला घेऊन दाराशी आले आणि डेस्बासमोर जमिनीवरच बसले. थेल्माने पुन्हा ओठांनी खिडकीकडे खूण केली, "ताई, त्या लांबच्या घरी..."

"नको," डेस्बा म्हणाली. "ते घर मोडलं. आता माझ्या नातीचं सांग. याला म्हणावं सरळ सांग. सगळं."

थेल्माने तिच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि सरळ सांगितलं. औषधांनी जखम थोपवून धरता येईल, काही दिवस, कदाचित काही महिने. मग असंच पुन्हा होईल, आणि एखाद्या वेळी थोपणार नाही. दुसऱ्याच्या हाडातला मगज मिळाला तर तिच्या अंगात नवीन कुत्री तयार होतील. त्यासाठी आईबाप, मावश्या, आजी, सगळ्यांचं रक्त जुळवून बघावं लागेल. जुळलं तरी सगळी बाळं जगत नाहीत. काही तो मगज देतानाच जातात. ही फार अशक्त आहे. मला सांगता येत नाही. आज हिला विमानाने मोठ्या शहरात पाठवतो आहे.

डेस्बाने सगळं ऐकलं. एकही शब्द चुकवला नाही. प्रत्येक शब्द दारातून आत येताना तिने पाहिला, आणि त्याला वाट दिली.

छोट्या विमानात बाळाबरोबर एकालाच जागा होती. लव्हर्न जाणार होती. चाकांच्या खाटेवर बाळ होतं, नळ्या, काचेची पेटी, वर लव्हर्नने बांधलेला परागाचा एवढासा बटवा. दाराशी खाट थांबली. लव्हर्न म्हणाली, "आई, हिला हात लाव."

डेस्बाने हात मागे नेले.

"विधीला चार दिवस लागतात," लव्हर्न म्हणाली. "चार दिवस तिच्याजवळ आहेत का कुणाला ठाऊक? लाव."

पेटीला बाजूने गोल भोक होतं, हात घालायला. डेस्बाने हात घातला. बाळाने बोट धरलं नाही. तेवढी ताकद नव्हती. तिनेच आपलं बोट त्या तळव्यात ठेवलं आणि खाट हलेपर्यंत ठेवलं.

मग अंगणात ती आणि डॅरिल दोघंच उरले. शहर सहा तासांवर. रक्त जुळवायला दोघांनाही तिथे पोचायचं होतं. डॅरिलने सवयीने हौद्याची झडप उघडली, घोंगडी सारखी केली, आणि मग तसाच उभा राहिला. डेस्बा त्याच्या शेजारून गेली आणि पुढचं दार उघडून त्याच्या बाजूच्या जागेवर बसली.

त्याने गाडी काढली. तो समोर बघत होता, ती तिच्या बाजूच्या काचेतून लाल खडकांकडे. वर कुठेच विमान दिसत नव्हतं. तिचे ओठ हलत होते: पुढे सुंदर असो. अर्ध्यावर अडकत होते, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

पेट्रोलपंप जवळ आला तसा डॅरिल म्हणाला, "आई, पाणी घ्यायचं का तुम्हाला?"

त्याने तिला हाक मारलेली ही पहिलीच.

"गाडी थांबवू नकोस," डेस्बा म्हणाली.